न ओलांडलेली वायर

६ नोव्हेंबर, हैदराबाद

अन् दर वेळी मीच कायले फोन करू? दिवाळीतही मीच केला. याडीनं, माह्या मायनं, उचलला, तं बा मागून ओरडला, "त्याले विचार, वायर खोसाचा पगार भेटते का अजून?" सरळ फोनवर येत नाही. याडीच्या कानाआडून दगड मारते. मी म्हटलं, "याडी, त्याले सांग, भेटते. अन् बैलाच्या शेपटीमागं फिरण्यापेक्षा जास्त भेटते." फोन कटला का मीच कापला, आता आठवत नाही.

चार वर्स झाले, हेच चालू हाय. त्याचं एकच पालुपद, पोट्टा ऐन पेरणीत तांडा सोडून पळाला. पळालो नाही. सांगून जातो म्हटलं असतं तं त्यानं जाऊ देल्लं असतं का? माह्या पाय एका जाग्यावर टिकत नाही हे त्याले बी ठाऊक. सातवीत शाळा सोडली, जिनिंगवर गेलो, लग्नाच्या शूटिंगमंधी लाइट धरला, कुठंच वर्स निघालं नाही. पिक्चरवाल्यायले कॅमेरे भाड्यानं देतात, त्या गोडाऊनात मात्र टिकलो. हे कोणी धरत नाही.

अन् वायर खोसतो म्हणे! कॅमेऱ्याच्या वायरीले जो जोड असते, त्याच्या एका टोकाच्या किमतीत आमच्या तांड्यात दोन बकऱ्या येतात. अंगठ्याएवढा जाड, गोल, आत पिना. जोडावर लाल ठिपका, कॅमेऱ्यावर लाल ठिपका. ठिपक्यावर ठिपका धरायचा अन् सरळ दाबायचा. टक्. बस. मंग वायर धरून कितीबी ओढा, निघत नाही. ओढलं तितका आतून घट्ट धरते. काढायचा असन तं जोडावरची खाचेवाली कडी दोन बोटानं मागं घ्यायची, लोण्यावाणी सुटते. नवीन पोट्टे मोटारीच्या पाइपावाणी पिळतात अन् पिना वाकवतात. मी आजवर एक पिन वाकवली नाही.

बानं एकदा येऊन पाहावं. दुसरं काही नाही. एकदा पाहावं, अन् तोंडानं म्हणावं, हो बादल, काम हाय हे.

९ नोव्हेंबर

कमालच झाली. नव्या पिक्चरले पांढरं कापसाचं वावर पाह्यजे, अन् ते भेटलं कुठं? आपल्या मुकुटबनजवळ! मालक म्हणे, "तू यवतमाळ का है ना? तू जाएगा." श्रावण अण्णा कॅमेऱ्याचा मोठा असिस्टंट हाय, तेलुगू मानूस, चिडला का मारकुट्या गोऱ्ह्यावाणी पाह्यते, पण मनाचा साफ. तो म्हणे, "ये शेड्यूल बराबर निकाल, तेरे को हेल्पर से अटेंडंट बनाने को मैं बोलता."

पण मले अटेंडंटचं तितकं नाही. मुकुटबनहून आमचा तांडा चाळीस किलोमीटर. केळापूरच्या अलीकडे. आता तं बाले बहाणाच राह्यला नाही.

१२ नोव्हेंबर, मुकुटबन

पोचलो. गाडीतून उतरल्या उतरल्या कापसाच्या पऱ्हाटीचा वास आला अन् मी तिथंच उभा राहून घेत राह्यलो. अण्णा म्हणे, "क्या सूंघ रहा रे, बिरयानी है क्या?" युनिटचे सगळे मलेच विचारतात. इथं दही कुठं भेटते, साप निघतात का, हा दोन वावरांमधला धुरा म्हणजे कोणाचा रस्ता. मी लय भाव खाऊन घेतला.

संध्याकाळी बबिताले फोन केला. बहीण माही, बारावीले हाय, फोन तिच्याचजवळ असते. म्हटलं, "बाले सांग, शूटिंग पाहाले ये म्हणा."

"दादा, तूच ये ना घरी. चाळीस किलोमीटर तं हाय. याडी रोज रस्त्याकडे पाह्यते."

"सुट्टी नाही वं."

"मंग बा कसा येईन? वेचणी सुरू हाय, मजूर भेटून नाही राह्यले."

"त्याले यायचं असन तं येईन."

सुट्टी अजून विचारलीच नाही मी. पण मीच जाऊन उभा राह्यलो तं काय होईन? तो खाटेवरून उठणारही नाही. म्हणन, आला का, बैलाले पाणी दाखव. नाही. या बारीनं त्यानंच यावं.

१४ नोव्हेंबर

आज हिरोइनीले ताप आला म्हून सुट्टी भेटली. तांड्यावर जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं. मी अण्णाच्या संगं वणीले गेलो. तिथं एक जॅकेट घेतलं. कॅमेरावाले घालतात तसं, बिनबाह्याचं, पुढं-मागं सगळीकडे खिसे. एका खिशात पिना साफ कराचा ब्रश, एकात टॉर्च, एकात चिकटपट्टी. बाकीचे रिकामे हायेत, पण दिसाले भरल्यावाणी दिसतात.

बा आला का हेच घालून राहीन.

१६ नोव्हेंबर

बबिताचा फोन. "दादा, बा उद्या येऊन राह्यला!"

मी म्हटलं, "कोणं ढकललं त्याले?"

"कोणं नाही. सकाळी आपल्या मनानंच म्हणे, उद्याच्या दिवस मजूर पुष्पा काकीच्या वावरात जाऊ द्या, मी मुकुटबनले जातो. याडी तं पाह्यतच राह्यली. अन् दादा, विचारून राह्यला, तिथं गेल्यावर काय सांगायचं? फुलसिंग आला म्हणायचं का बादलचा बाप आला म्हणायचं?"

"तू काय सांगतलं?"

"मी म्हटलं, बादलचा बाप म्हणजो. तिथं तुले कोण ओळखते?"

मले हासू आलं. मंग हासू थांबलं, अन् उगाच बाहेर जाऊन चक्कर मारून आलो. त्याच्या हातानंच जोड लावून घेईन म्हणतो. ठिपक्यावर ठिपका. टक् वाजलं का त्याचं तोंड पाहीन.

१७ नोव्हेंबर

आज काही लिहीत नाही.

१८ नोव्हेंबर

काल लिहिलं असतं तं शिव्याच लिहिल्या असत्या. आज बी राग हाय, पण जसं झालं तसं लिहितो.

उन्ह कललं होतं. डायरेक्टरले सूर्य पऱ्हाटीच्या मागं जातानाच शॉट पाह्यजे होता, म्हून ऐन वेळी कॅमेरा धुऱ्याच्या या बाजूले आणला. करंटचा डब्बा राह्यला त्या बाजूले, छत्रीखाली. वायर मधातून गेली, धुऱ्यावरच्या पायवाटेवरून. अशा वेळी वायरीचं वेटोळं करून कॅमेऱ्याच्या तिपाईच्या पायाले बांधायचं असते. म्हणजे कोणाचा पाय अडकला तं झटका तिपाईले बसते, जोडाले नाही. रोजच बांधतो. काल माह्यं ध्यान रस्त्याकडे होतं. बांधतो, बांधतो म्हणता म्हणता राह्यलं. पण ते कोणाले दिसलं नाही.

शॉट सुरू झाला. सगळे चिडीचूप. अन् धुऱ्यावरून बा आला.

धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, डोक्याले लाल फेटा. लग्नातला. हातात डब्याची पिशवी. वायरीजवळ येऊन थांबला अन् इकडे तिकडे पाहाले लागला. बोलता येत नव्हतं, म्हून मीच हातानं खूण केली, ये, ये. म्हटलं एक पाय टाकन अन् येईन. दिवसभर सगळे तेच करतात. मेकअपवाली बाई ओलांडते, चहावाला किटली घेऊन ओलांडते, डायरेक्टर तं तिच्यावर उभा राहून फोनवर बोलते.

पण हे बा. यानं पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या. खाली वाकला, दोन्ही हातानं वायर उचलली, डोक्याच्या वर धरली अन् खालून निघाला. आमच्याकडे बैलाचं दावं, बंडीचा कासरा, कोणी ओलांडत नाही. ओलांडलं तं जनावराचं बळ जाते म्हणतात. पोट्टा असो का म्हातारा, उचलून खालून निघाचं. अरे, पण ही वायर हाय! वायर म्हणजे का बैल हाय?

बा उंच मानूस. वायर ताणली. जोड सुटला नाही. तो सुटतच नाही, तेच तं त्याचं काम हाय. काळी माती भुसभुशीत, तिपाईचा एक पाय उठला अन् कॅमेरा झुकला. अण्णानं झेप घेऊन छातीवर झेलला, म्हून वाचला. पण जोडाची कॅमेऱ्यातली बाजू उचकटून बाहेर आली. कॅमेरा बंद. अन् सूर्य काय कोणासाठी थांबते? गेला.

मंग जो गोंधळ झाला. प्रोडक्शनवाला पळत आला. "कौन है ये? कौन छोड़ा इसको अंदर?" अण्णाची छाती चोळणं चालू, डोळे लाल. माह्याकडे पाहून म्हणे, "तेरे तरफ का है क्या रे?"

माह्या तोंडातून निघालं, "पता नहीं अण्णा. कोई गाववाला होगा."

कसं निघालं मले ठाऊक नाही. मोठ्यानं निघालं. वायर अजून बाच्या हातात होती, डोक्याच्या वर तशीच धरून उभा होता. खाली ठेवू का नको, त्याले समजून नाही राह्यलं.

प्रोडक्शनवाल्यानं विचारलं, "ए बाबा, किससे मिलना है?"

बानं वायर हळूच जमिनीवर ठेवली. अन् हात जोडले. "कोणाले नाही साहेब. रस्ता चुकलो. धुऱ्यानं जाऊन राह्यलो होतो. माफ करजा."

माह्याकडे पाह्यलंही नाही. एकदाही नाही. चपला घातल्या, पिशवी उचलली. वायर आता मेलेली होती, तरी ओलांडली नाही त्यानं. पऱ्हाटीतून लांबून वेढा घालून गेला. बोंडाच्या टोकायनं धोतर धरून धरून सोडलं. लाल फेटा दूरवर दिसत होता.

मी चुकलो, हाव, चुकलो. घाबरलो होतो. पण त्यानं तरी म्हणायचं होतं ना, हा माह्या पोट्टा हाय! एक शब्द. चार वर्स माह्याशी सरळ बोलला नाही, अन् शंभर मानसांत तं साफ ओळखच देल्ली नाही. असा राग काढते का कोणी? बादलचा बाप म्हणून सांगीन म्हणे!

१९ नोव्हेंबर

हैदराबादहून कॅमेऱ्याची ती बाजू अन् मेकॅनिक आला. दुपारपर्यंत बसवली. परवाचा शॉट आज घेतला, डायरेक्टर म्हणे पहिल्यापेक्षा उन्ह चांगलं भेटलं.

अण्णानं माह्यासमोर मालकाले फोनवर सांगतलं, "लड़के की गलती नहीं है. गाँव का कोई बुड्ढा था, खींच दिया." मालकानं मले एक शब्द विचारला नाही. प्रोडक्शनवाल्यानं आता धुऱ्यावर दोन मानसं उभे केले, गाववाल्याले येऊ द्यायचं नाही म्हून.

मी आज वायर तिपाईच्या तिन्ही पायाले बांधली. अण्णा हासला. "अरे, एकही बस है रे." मी सोडली नाही.

बा अजून बुड्ढा नाही. परवाच्या फेट्यात तं जवानच दिसत होता.

२१ नोव्हेंबर

सकाळी याडीचा फोन. उचलू का नको झालं. मले वाटलं आता रडन. पण ती तं माह्यावरच तापलेली.

"काहून रे, बाप इतक्या दूरून आला अन् तुले दोन मिनिटं भेटाले होत नव्हतं?"

मी म्हटलं, "बा काय म्हणे?"

"काय म्हणन? म्हणे लय गर्दी होती. पोट्टा कॅमेऱ्याच्या बाजूले उभा, कामात होता, म्हून मी हाक मारली नाही. डबा एका मानसाजवळ देल्ला, थोडा वेळ बसलो, डबा रिकामा आला तं घेऊन निघालो म्हणे. बाटी कडक तं नव्हती झाली? पहाटेच ज्वारीच्या थापल्या होत्या."

डबा मी पाह्यलाच नाही. पिशवी तो घेऊन गेलता.

"नाही याडी, मऊ होती."

"अन् ठेसा?"

"तिखट होता."

"तुले आवडते तसाच केला, लसूण जास्त घालून." मंग तिचा राग उतरला. म्हणे, "तुह्या बाले तं काय झालं कोणास ठाऊक. काल तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर बसून सांगून राह्यला. म्हणे बादलच्या जॅकेटले इतके खिसे हायेत का मोजता येत नाहीत. म्हणे त्यानं हात वर केला का सगळे गप होतात. खरं हाय का रे?"

मी हात वर केला होता तो त्याले बोलवाले.

"याडी, बाले फोन दे."

"वावरात गेला."

पण मागं खोकला ऐकू आला. तो खोकला मी कुठंही ओळखीन. फोन कानाले दाबून धरला. म्हटलं आता ओरडन, वायर खोसाचा पगार भेटते का म्हणून. ओरडावं असं वाटत होतं मले. काहीच ओरडला नाही.

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. त्या बाट्या कोणं खाल्ल्या? मुकुटबनच्या स्टँडवर बसून त्यानंच खाल्ल्या असन. त्याले लसूण चालत नाही, छातीत जळते. भरलेला डबा घरी नेला असता तं याडीनं विचारलं असतं, म्हून.

रस्ता चुकलो म्हणे. ते त्यानं माह्यासाठी म्हटलं, माही नोकरी वाचावी म्हून. हे मले तिथंच समजाले पाह्यजे होतं. मले मात्र राग आला होता का त्यानं मले ओळखलं नाही.

२२ नोव्हेंबर

अण्णाले सांगून टाकतो म्हणून दोनदा गेलो. पहिल्यांदा तो लेन्स साफ करत होता. दुसऱ्यांदा म्हणे, "क्या है रे, बोल." मी म्हटलं, "चाय पिओगे?" म्हणे, "ले आ." चहा आणून देल्ला.

काय सांगू? तो मानूस माह्या बाप हाय, हे सांगू, का वायर मी बांधली नव्हती, हे सांगू? एक सांगतलं का दुसरं आपोआप येते.

२४ नोव्हेंबर, गाडीत

शेड्यूल संपलं. मी सामानाच्या गाडीत, डायवरच्या बाजूले. पाटणबोरीले मोठा रस्ता लागला. डावीकडे हैदराबाद, उजवीकडे पांढरकवडा. उजवीकडे गेलो असतो तं थोड्याच वेळात तांड्याच्या फाट्यावर उतरलो असतो. अण्णाले म्हटलं असतं, एक दिवस घरी जातो, तं नाही म्हटलं नसतं त्यानं. डायवरनं चहाले गाडी थांबवली. मी खाली उतरलो. रस्त्याच्या त्या बाजूले गेलो. पांढरकवड्याची जीप उभी होती, पोट्टा ओरडत होता, "केळापूर, पांढरकवडा, चला, एकच शिट!" जॅकेटच्या सगळ्या खिशांत हात घालून पाह्यले, जसं काही शोधून राह्यलो.

घरी जाऊन काय म्हणू? त्यानं तांड्यात सांगतलं तसं खिसेवालं जॅकेट घालून उभा राहू? सगळे म्हणतीन, आला रे हात वर करणारा. अन् बा हो म्हणन. मले त्या 'हो'ची भीती वाटली.

जीप भरली अन् गेली. डायवरनं हॉर्न मारला.

२८ नोव्हेंबर, हैदराबाद

आजपासून अटेंडंट. मालकानं सगळ्यायच्या समोर सांगतलं. गोडाऊनातल्या नव्या पोट्ट्याईले आता मी शिकवायचं. सकाळी एकाले जोड दाखवला. ठिपक्यावर ठिपका, सरळ दाब, काढताना वायर नाही, कडी धर. त्यानं विचारलं, "भैया, जोर से खींचे तो?" मी म्हटलं, "तो जहाँ लगा है वो गिरेगा, ये नहीं छूटेगा." तो हासला. मले हासू नाही आलं.

पोट्टे वायरीवरून उड्या मारून जातात. मी कोणाले काही म्हटलं नाही. पण मी आता उचलून खालून जातो. आज अण्णानं पाह्यलं. "क्या रे, कमर दुखती क्या?" म्हटलं, "हाव अण्णा."

मुकुटबनच्या दिवसायचा बत्ता, बाहेरगावच्या कामाचा भत्ता, आज हातात आला. माह्या पगारातून एक पैसा कापला नाही, कारण वायर गाववाल्यानं ओढली. हा बत्ता माह्याजवळ ठेववत नाही.

बबिताच्या फोनवर टाकतो. संगं दोन शब्द लिहाले बसलो. पहिले लिहिलं, बा, वायर मी बांधली नव्हती. मिटवलं. मंग लिहिलं, बा, तू रस्ता चुकला नव्हता. पण हे बबिता वाचन. त्याले वाचता येत नाही, म्हून ओट्यावर सगळ्यायच्या समोर मोठ्यानं वाचन, अन् त्यानं तांड्यात जे उभं केलं ते माह्याच शब्दानं आडवं होईन. म्हून ते बी मिटवलं. फोन करीन म्हटलं, तं तो वावरात गेला असन.

नुसता आकडाच जाऊ दे. चार हजार आठशे रुपये.